साठ बिल्ले

गांजवे चौकातून आत, सायकलवाल्याच्या वरच्या मजल्यावर
माझी खानावळ. पितळी बिल्ले एकूण साठ,
जेवणं दिवसाला तीनशे.
हिशेब जुळेना म्हणून
वैजयंती किन्होळकर पहिल्याच दिवशी हसली होती.
म्हटलं, अगं, खर्चलेला बिल्ला संपत नाही,
रिकामा होऊन गल्ल्यात येतो,
पुन्हा भरतो, पुन्हा पानावर जातो.
हात धुता धुता ती थांबली.
"लोणकर काकू, पेशीतही हेच."

मेहकरची पोर. पाषाणला कुठल्याशा प्रयोगशाळेत
काचेच्या बशीत पेशी वाढवते,
सदतीस अंशांवर निजवते, वेळेवर खायला घालते,
आणि स्वतः रात्री साडेदहाला येते, गार पोळी मागत.
म्हणाली, साखर एकदम जाळली तर नुसता भडका.
पेशी जाळते पायरी पायरीनं,
दर पायरीला थोडं काढून घेते
आणि बिल्ले भरून ठेवते.
"तुमच्यासारखीच काकू, बटाट्याची सालसुद्धा वाया नाही."
खरं तर साल मी फेकते. बोलले नाही.

आईची वही कपाटात, कुलपात.
ओट्याजवळ न्यायची नाही.
लागेल तेवढंच चिठ्ठीवर उतरवते,
पदार्थ झाला की चिठ्ठी केरात.
तिनं टेबलावर थाप मारली,
"केंद्रक! कुणी शिकवलं तुम्हाला?"
कोण शिकवणार? तेलाच्या डागांनी.

एकदा घाईत 'धणे'चं 'दाणे' उतरवलं.
तेव्हापासून बुधवारी दाण्याची आमटी
आणि बुधवारीच जिन्यापर्यंत रांग.
नवं काही जगात येतं ते असंच, चुकून, म्हणाली.
मी पातेलं घासत राहिले.
माझ्या नणंदेच्या सुहासचंही एकच अक्षर चुकलंय,
रक्तात.
दर तीन आठवड्यांनी ससूनला बाटली चढते.
त्या चुकीला कुणी रांग लावत नाही.
वैजयंतीनं मान खाली घातली.
ताटातलं उरलेलं मीठ बोटानं सारखं करत बसली.

जायच्या आदल्या रात्री आणखी एक सांगितलंन:
वही दोघांची, अर्धी अर्धी.
पण पेशीतली शेगडी आईचीच येते,
तिच्या आईची, तिच्याही आईची,
मधे कुणी विझू न दिलेली.
मला दोन मुलगे. एक हिंजवडीला, एक मस्कतला.
विचारलं, त्यांच्यात जळते?
"जळते ना, काकू.
फक्त त्यांच्यापुढे जात नाही."

पहाटे पाचला बर्नर पेटवला.
निळी ज्योत गोल फिरून जागेवर बसली.
बघत राहिले जराशी. दूध उतू गेलं.

ती बंगळूरला जाऊन आता महिना झाला.
साठातला एक बिल्ला कमी भरतोय.
तांबट आळीत जाऊन नवा करून आणता येईल,
आणते म्हणते, आणत नाही.

उद्या बुधवार.
दाणे भाजायचे राहिलेत.