मुभा

चौतीस वर्षं मी इतवारीतले काटे तपासले.
सुपारीवाल्यांचे, किराण्याचे,
सराफ्यातले, फुंकर मारली तरी हलणारे.
वजन उलटं करायचं, पोटातलं शिसं बघायचं,
शिक्का जुना असेल तर हातोडीनं नवा ठोकायचा.
खोटं वजन मला हातात घेताच कळायचं,
हे मी निनावेला इतक्यांदा सांगितलं
की आता तोच मला सांगतो.

धंतोलीत डॉक्टर धोटे म्हणाले,
"अक्रोडाएवढी असते ही ग्रंथी."
मी म्हटलं, साहेब, अक्रोड आमच्याकडे दिवाळीत येतो,
सुपारीत सांगा.
हसले. मग विचारलं, "रात्री कितींदा उठता?"
"एखाद्या वेळी."
म्हणाले, वय अडुसष्ट, रक्ताची एक चाचणी आहे,
करायची तर करू,
नाही केली तरी चूक म्हणणार नाही.

चूक म्हणणार नाही!
अख्ख्या नोकरीत हे वाक्य मी कुणाला दिलं नाही.

चिठ्ठीच्या मागे त्यांनी ठिपके काढले, पुष्कळ.
एकदोघांना गोल केला: हे वाचतात.
मग त्याहून जास्त ठिपक्यांवर फुल्या:
यांच्या आत आजार असतो, पण निजलेला,
तो उठायच्या आत माणूस दुसऱ्याच कशानं जातो.
आपल्याला तो दिसला की मात्र
झोप आपली जाते, आणि मग आपण कापतो.
"मी कोणता ठिपका?"
"ते कागदावर दिसत नाही."

काट्याला मुभा असते,
थोडं इकडे, थोडं तिकडे, कायद्यानंच मान्य.
या आकड्यालाही असते म्हणे.
सूज आली, वाढतो. सायकल चालवली, वाढू शकतो.

निनावेनं तपासलं. आकडा, मग सुया, मग ऑपरेशन.
आता फुटाळ्यावर बसतो तेव्हा शेजारी पिशवी,
पिशवीत जास्तीची पँट.
"जिवंत आहो ना बे," म्हणतो, आणि पोह्यांवर तर्री वाढवून घेतो.
त्याचा ठिपका गोलातला की फुलीतला,
त्याला ठाऊक नाही. विचारायची माझी छाती नाही.

पौनीकरनं नाही तपासलं.
कंबर दुखते म्हणून मे महिनाभर
कूलरसमोर पालथा पडून मालिश करून घेत राहिला.
दिवाळीचे अक्रोड आले तेव्हा तो नव्हता.

दोघांना दोन पारड्यांत बसवून पाहिलं.
जमलं नाही. पौनीकर एकटाच ऐंशी किलोचा होता.

परवा दुधाच्या हिशेबासाठी कॅलेंडर काढलं.
चौकटीत दीड लिटर, एक लिटर,
आणि कोपऱ्यात, पेन्सिलनं, बारीक:
तीन. तीन. चार. तीन. पाच.
"सिंधू, हे काय?"
"तुम्ही रात्री उठता ते."
जानेवारीपासून.

चौतीस वर्षं मी न सांगता दुकानात शिरायचो.
दुकानदाराचा चेहरा कसा व्हायचा
ते मला आरशाशिवाय कळलं.

"मग करू म्हणतेस चाचणी?"
"मी काय म्हणू? आकडा आला तर
तो आपल्या दोघांतच राहायला येईन.
जागा आहे का, ते पाहा आधी.
आणि डॉक्टरला खरं सांगा."

रक्त द्यायचं तर दोन दिवस सायकल नको.
आज सायकल जिन्याखाली उभी आहे.
मी हवा दाबून बघितली, चेन पुसली,
आणि पायीच निघालो.
सिंधूनं गॅलरीतून विचारलं, "सायकल?"
म्हटलं, उद्या सांगतो.