जोडून देते हं

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी वाजला.
एवढ्या लवकर माणसं फोन करत नाहीत,
कुणी गेलं तर करतात,
नाहीतर मग हे.

“मॅडम, मी केविन, कॉम्प्युटर कंपनीतून.
तुमच्या मशीनमधून धोक्याचे इशारे येताहेत.”
काल स्टीव्हन होता.
परवाचा नुसताच टेक्निकल डिपार्टमेंट.

थांब हं बाळा, चष्मा आणते,
म्हणते, आणि रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवून
सावकाश किटली भरते.

एकोणीस वर्षं काढली मी हलच्या एक्सचेंजमध्ये.
कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा फळा.
बंदराच्या गल्लीतून बायका विचारायच्या,
आइसलँडकडे गेलेल्या बोटीचं काही कळलं का,
आणि मी म्हणायचे, जोडून देते हं.
श्वासावरून ओळखायचे
कोण रडून आलंय, कोण पिऊन,
कुणाच्या पाठीशी कुणी उभं आहे ऐकत.

तरी फसले.

विल्फ जाऊन अकरा आठवडे झाले होते.
त्याचा कॉम्प्युटर मी बंद केलाच नव्हता.
फोनवरचा मुलगा इतका अदबीनं बोलला,
“व्हायरस आहे, मॅडम. फोटो जातील सगळे.”
फोटो म्हणाला. अंधारात मारला दगड,
बरोबर लागला.
मग पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागला.
माझे दोन्ही हात मांडीवर.
विल्फच्या खुर्चीसमोर, विल्फच्या मशीनवर
कुणीतरी काहीतरी शोधत होतं,
आणि खरं सांगते,
क्षणभर मला बरं वाटलं.

दोन हजार एकशे चाळीस पौंड.
वर म्हणाला, तुमचा दिवस चांगला जावो.
बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणे,
यानं तर नुसत्या बिया विकल्या.

बँकेतली पोरगी माझ्याशी मोठ्यानं, सुटं सुटं बोलली,
जसं काही माझे कान गेले होते.
मुलीला सांगितलं, नवा बॉयलर बसवला.

तेव्हापासून ही वही.
आल्याची वेळ, नाव, गेल्याची वेळ.
सगळ्यात जास्त बावन्न मिनिटं.
“डाव्या कोपऱ्यात काय दिसतं, मॅडम?”
डाव्या कोपऱ्यात काठी आहे रे, यांची.
मशीनची वायर तर केव्हाच काढून ठेवली.
समोर थॅकरे राहतात, अठ्ठ्याऐंशीचे,
फोन वाजला की टाय नीट करून उचलतात.
हा माझ्यापाशी अडकलाय
तोवर त्यांच्याकडे जाणार नाही,
एवढाच हिशेब.

गेल्या गुरुवारी मात्र
अनोळखी नंबर, पलीकडे खरखर,
आणि मी कुणाचं ऐकूनच घेतलं नाही.
चोरट्या, म्हटलं, मेलेल्या माणसाचे फोटो विकतोस,
दोन हजार गिळलेस, आणखी हवेत?
बंदरावर ऐकलेलं जे जे आठवलं
ते सगळं त्याच्या पदरात घातलं.
“आई,” पलीकडून आवाज आला.
“मी लिनेट. नवा फोन घेतलाय.”

कितीतरी वेळ लाइन नुसती गुणगुणत राहिली.
मग हळूच,
“म्हणजे बॉयलर…”
जुनाच आहे, म्हटलं.
ती हसेल असं वाटलं होतं. नाही हसली.
शनिवारी आली. बॉयलरवर हात ठेवून
उभी राहिली बराच वेळ.

चहा झाला. रिसीव्हर उचलते.
केविन अजून आहे.
त्याच्यामागे मोठी खोली, शंभर आवाज एकात एक,
कुणाची खुर्ची सरकते, कुणी खोकतं,
कुणीतरी वरिष्ठ चालत येतोय, पावलं जड.
ओळखीचीच खोली.
आमच्या मिसेस गार्बटची पावलंही अशीच,
पाठीमागे येऊन थांबली की
मान आपोआप ताठ व्हायची.

“मॅडम, आहात ना?”
आहे. तो तुझ्या मागे उभा आहे ना रे?

तो बोलत नाही.
मग एक घाणेरडी शिवी, जरा मोठ्यानंच,
पाठीमागच्याला ऐकू जाईल अशी.
खट्.

नऊ एकतीस, लिहिते वहीत. एकवीस मिनिटं.
समोर थॅकरेंनी पडदे उघडले.