डावा उशिरा येतोय

पहिल्या दिवशी श्रावंतीनं
पिशवीतून बूट काढून टेबलावर ठेवले:
काळे, जड, टाचेला नि चवड्याला कडक ठोकळे.
"आयर्लंडचा नाच आहे, मॅडम."
मी म्हटलं, बरं. नडगी दाखव.

अंगठ्यानं दाबत गेले.
घोट्याच्या वर चार बोटांवर
तिनं ओठ चावला.

साखर पेठेत, टॉवेलच्या गोदामावर आमची जिम.
दोन बार, एक आरसा, तोही कोपऱ्यात तडकलेला,
आणि मे महिन्यात लोखंड धरायचं तर
आधी ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं.
मी खो-खोची. पंधरा वर्षं सूर मारले,
आता जिना उतरताना
उजवा गुडघा माझ्याआधी बोलतो.
आयरिश नाचातलं ओ की ठो कळत नव्हतं.
तिनं मोबाइलवर दाखवला:
मुली उडतायत, पायांचा नुसता कल्ला,
आणि हात बाजूला चिकटलेले,
वर्गाबाहेर उभं केल्यासारखे.
"हात का गं नाही हलवत?"
"नाही हलवायचे. तेच तर अवघड आहे."

सहा आठवडे उडी बंद, मी सांगितलं.
भर उन्हात गाडी न थांबवणाऱ्या
कंडक्टरकडे बघतात तसं तिनं बघितलं.

पायरीच्या कडेवर चवडे, टाचा हवेत.
वर जा एका मोजणीत, खाली ये चार मोजत.
मग एका पायावर बैठक.
मग कोपरांवर फळी होऊन आडवं राहणं.
मग टॉवेलचा गठ्ठा छातीशी धरून जिना,
वीस वेळा, न बोलता.
उडायला सगळ्यांना येतं,
मी स्वतःच्या गुडघ्याकडे न बघता ओरडायचे,
उतरायला शीक! आपटू नको!

सातव्या आठवड्यात बूट.
फरशीवर नको म्हणून प्लायवूडचा तुकडा टाकला.
खट खट खटक, खटखट खटक.
मला झकास वाटलं. टाळ्याही वाजवल्या.

खाली तिचे वडील न्यायला आलेले,
नरसय्या म्याकल, यंत्रमागाचे जॉबर,
तीस वर्षं आजारी मागांची नाडी बघणारे.
मुलीचा नाच त्यांनी कधी पाहिला नव्हता,
त्या दिवशीही पाहिला नाही.
जिन्याच्या तळाशी उभे, मान जरा कलती.
ती उतरली तेव्हा तेलुगूत काहीतरी म्हणाले.
ती थांबली.
"काय म्हणतात?"
"म्हणतात, डावा उशिरा येतोय.
डावीकडची काठी सैल झाली, धोटा नीट फेकेना,
की माग असाच वाजतो."

मी तिला परत वर बोलावलं.
डाव्या पायावर उभं केलं, डोळे मिटायला लावले.
तीनला घोटा थरथरला,
पाचला पडली.
उजव्यावर तीस.

एवढं साधं.
सहा आठवडे मी वजनं लिहिली, पोटऱ्या मोजल्या,
कान काही लावला नाही.

तेव्हापासून वहीत डाव्या पायाचं पान वेगळं.
बुधवारी-शनिवारी पाळी सुटली की नरसय्या येतात,
केसांत, भुवयांत कापसाची तूस,
तिसऱ्या पायरीवर बसतात. वर या म्हटलं तर येत नाहीत.
मी चहा खाली पाठवते.
एकदा विचारलं, हात हलतच नाहीत तिचे,
तुम्हाला विचित्र नाही वाटत?
म्हणाले, "मागाचा सांगाडाच हालला,
तर कापड काय निघतंय वो मॅडम?"

स्पर्धा पुण्याला आहे, दिवाळीआधी.
आज डोळे मिटून डाव्यावर बावीस.
मग बूट, मग प्लायवूड.
मी जिन्यातून खाली डोकावते:
पेला बाजूला ठेवलेला, चहावर साय धरलेली,
एक बोट गुडघ्यावर टेकलेलं.
अजून काही बोललेले नाहीत.