दोन भोकांचं धोतर

सूस रोडच्या भाजीवाल्याकडे अख्खा लाल भोपळा मागितला
तर त्याने सुरी खाली ठेवली
आणि विचारलं, घरी काही कार्य आहे का ताई?
आता काय सांगायचं याला.
की आमच्या सोसायटीत एकतीस ऑक्टोबरला भुतं निघतात,
सी विंगपासून, सात ते साडेआठ,
ज्यांना चालेल त्यांनी दाराला नारिंगी कागद लावावा
असा मेसेज आलाय?
कार्यच आहे, म्हटलं. छोटंसं.

डोळे नीट जमले. तोंड कोरताना
भोपळ्याचा एक दात माझ्याकडून मोडला.
गराचे घारगे केले,
ते नवऱ्याने कॉलवर आवाज बंद ठेवून खाल्ले.

सोपान सव्वादोन वर्षांचा.
त्याचं भूत करायचं तर पांढरं कापड हवं,
आणि घरात पांढरं म्हणावं असं एकच होतं,
लोखंडी कपाटात, सगळ्यांत खाली,
डांबरगोळ्यांच्या वासात:
बाबांचं धोतर.
त्यातलं दीड वारच घेतलं मी.
हवेतच दोनदा कात्री चालवून पाहिली,
मग डोळ्यांसाठी दोन भोकं.
एक जरा मोठं झालं.

दार उघडलं की भूऽऽ म्हणायचं हं.
भूभू? म्हणाला,
आणि सोफ्याखाली वाकून बघायला लागला.
भूभू नाही रे. भूऽऽ.
कुथंय?
संपलं. मग सगळी संध्याकाळ
आमचं भूत दारोदार कुत्रा शोधत हिंडलं.

देवस्थळी काकू चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या,
अगं बाई, हे कुठलं ध्यान!
चॉकलेट आणायला विसरल्या होत्या,
दिवाळीची उरलेली शंकरपाळी दिली, पिशवीला गाठ मारून.
पिल्लईंच्या मुलाने प्लास्टिकचे सुळे लावले होते,
सोपानने बोट घालून ते काढून दिले
आणि तोंड पूस म्हणून आपल्या धोतराचं टोक पुढे केलं.
आठशे तीनमधून काळा मुखवटा बाहेर आला
तेव्हा किंचाळले मी.
तो नाही.

कुठेतरी चौथ्या-पाचव्या दाराशी लक्षात आलं
की बादली भरतच नाहीये.
एका घरी मिळालेलं तो पुढच्या घरी देत होता.
दार उघडलं की काहीतरी द्यायचं,
इतकंच कळलं होतं त्याला,
आणि ते चुकीचं आहे असं
कुठल्या शब्दांत सांगतात मला माहीत नव्हतं.
शेवटी बादलीत उरली शंकरपाळी
आणि कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल.
ती कुणाची, हे शोधत पुन्हा तीन मजले.

खाली गेटवर लिंबाजी.
कुणाचं हो हे भूत? त्याने विचारलं.
आपलं असंच. भूत.
असंच नसतंय ताई. आमच्याकडं नाव असतं त्याला.
कुणाचं ते ठाऊक असलं म्हणजे
त्याच्या आवडीचं ठेवता येतं पानात.
मी कंदिलांकडे बघितलं, अजून उतरवले नव्हते कुणी.
दहीपोहे, मनात आलं. वरून भरडलेली मिरची.
सोपानने मुठीतलं चघळलेलं चॉकलेट पुढे केलं.
लिंबाजीने ते शर्टाच्या खिशात ठेवलं
आणि खिशाचं बटण लावलं.

लिफ्टच्या आरशासमोर तो पहिल्यांदाच गप्प झाला.
टाटा केला. आतल्यानेही केला.
दोघांपैकी कुणीच जाईना.
सातवा मजला आला, दार उघडलं, मिटलं,
आम्ही परत खाली.

आता झोपलाय, धोतरासकट.
मोठ्या भोकातून एक कान बाहेर आलाय.
छातीवर चॉकलेटचा डाग, शंकरपाळीचा चुरा,
आणि डांबरगोळ्यांचा वास, जरासाच उरलेला.
सकाळी सिंधूताई येतील, चिमटीत धरून विचारतील,
हे फडक्यांत टाकू का?
थांबा जरा, म्हणेन मी.
आणि मग काय म्हणेन
ते अजून सुचलेलं नाही.