तळपायाला तोंड

वहीच्या मधल्या पानावर एक प्राणी काढा, असं मी फळ्यावर लिहिलं,
जो कुठंच नाही, पण इथं जगू शकेल.
यामालची वसतिशाळा, चौथीचा वर्ग. बाहेर उणे एकेचाळीस.
खिडकीवर आतल्या बाजूनं बोटभर बर्फ
आणि त्यात कुणीतरी नखानं कोरलेलं हेलिकॉप्टर,
सप्टेंबरात मुलांना आईच्या तंबूतून उचलून आणतं, तेच.

मुलं लागली कामाला.
दुहेरी केसांची कातडी, इवलेसे कान,
ताटाएवढे पाय, पाकासारखं रक्त, जे गोठत नाही.
पुस्तकात होतं ते सगळं एकाच जनावराच्या अंगावर चढवलं.
येप्तोच्या प्राण्याला पेट्रोलची टाकी होती
आणि पाठीवर सुट्या भागांची पेटी.
मी हसले. तो नाही हसला.
"बिघडला तर कुठून आणणार, बाई?"

हादने ओकोतेत्तोनं काढला
दाराशी वाळत ठेवलेल्या बुटासारखा एक जीव.
डोळे नाहीत.
"दोन महिने काळोख, दोन महिने उजेड संपतच नाही.
डोळ्यांचं काय करेल तो?"
तोंडही दिसेना. तिनं वही उलटी धरली:
चार तळपाय, चार तोंडं.

"मागल्या नोव्हेंबरात पाऊस आला होता,"
ती म्हणाली. एवढंच.
पेन्सिली थांबल्या.
हिवाळ्यातला पाऊस म्हणजे काय, हे इथं कुणी विचारत नाही.
बर्फावर पडतो, रात्रीत त्याची काच होते.
काचेखाली दगडफूल, हिरवट पांढरं, दिसतंसुद्धा,
आणि वरून खूर मारून मारून
रेनडिअर आधी गुडघ्यावर येतात, मग कुशीवर.
तिच्या बापाचे दोनशे दहा होते. आता
हाताची बोटं, आणि थोडी पायाची.

म्हणून हा कळपाच्या पुढं चालतो.
पाऊल टेकेल तिथं चाटतो. जीभ ऊन ऊन.
काच विरली की एक घास आपला,
बाकी मागून येणाऱ्यांचा.
आवाज? "करत नाही. कळप आधीच घाबरलेला असतो."
उन्हाळ्यात डास खातो. फक्त डास.
(इथं अख्खा वर्ग बाकांवर उभा राहिला.)
नाव?
"नाही ठेवलं. नाव ठेवलं की मोजायला माणसं येतात."

मी जीवशास्त्राची. दोन वर्षांसाठी आले होते,
त्याला एकोणीस झाली.
रात्री हिशेब मांडला: हातभर लांब, हातभर रुंद,
दोन बोटं जाड बर्फ,
तो विरघळायला लागेल ती ऊब, आणि एका डासात ऊब किती.
एका घासाला दीड लाख डास.
एका हिवाळ्याला आकडा समास ओलांडून गेला.
आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून?
पाचातले चार दिले. खाली लिहिलं:
ऊब कुठून येते?
सकाळी वही परत आली. तिरप्या अक्षरात उत्तर:
झोपेतून. ते खूप जण एकाच ठिकाणी झोपतात.

मार्चअखेर तिचा बाप आला, स्लेजवरून.
भिंतीवर चित्रं लावली होती. टोपी काखेत धरून
तो एकेकासमोर उभा राहिला.
पेट्रोलवाल्याला बघून मान हलवली, मान्य असल्यासारखी.
हादनेच्या कागदापाशी वाकला,
खालचं टोक उचलून पाहिलं,
विकत घ्यायच्या जनावराचे खूर बघतात तसं.

हे काल्पनिक आहे, असं मी म्हणणार होते.

"सतरांना किती लागतील?" त्यानं विचारलं.

मी खडू घेतला.

"आणि झोपलेले असताना," तो म्हणाला,
"एका स्लेजवर किती मावतात?"