तेवीस

बर्फाच्या कारखान्याच्या वहीत डाव्या पानावर
लाद्या, गिऱ्हाईक, उधारी.
उजव्या पानावर मी उड्डाणं मांडतो:
तारीख, वेळ, वरच्या हवेतला वारा, शेरा.
शेऱ्यात बहुतेकदा एकच, पुढे ढकललं.

कंपनी सातासमुद्रापलीकडची.
तिच्यात माझा ना शेअर, ना भाचा.
पण रात्रपाळीला कॉम्प्रेसर घुमत असतो,
अमोनियाचा वास अंगवळणी पडलेला,
आणि मोबाईलवर उलटे आकडे सुरू झाले
की मी पाणी प्यायलाही उठत नाही.

मला आवडतं ते खालच्या टप्प्याचं परतणं.
ओझं वर सोपवून तो रिकामा खाली येतो.
भर दर्यात एक तराफा त्याच्यासाठी थांबलेला,
त्यावर टेकतो, काळवंडलेला, उभाच्या उभा.
आत्माराम तांडेलांना दाखवलं.
तीनदा बघून म्हणाले,
"आमचो सुर्या अजून धक्क्याक लागताना टायर फोडता."

तेव्हापासून बर्फ न्यायला आले की,
"गेलो काय रे तुजो?"
"नाय."
"कित्याक?"
"वारो."
"मगे बरोबर आसा."
आणि चिमटा लादीत रुततो.

मंगळवारी गेलं. एका खेपेत तेवीस उपग्रह.
गुरुवारी संध्याकाळी सात अठ्ठावीसला
देवगडच्या दीपगृहाच्या डावीकडून वर येणार होते.
तांडेलांना धक्क्यावर बोलावून ठेवलं.

आले. खरंच आले.
एका दोरीला धरून चालल्यासारखे,
आवाज नाही काही नाही.
जाळी सांधणारे हात थांबले.
कुणी मोबाईल वर धरला, त्यात नुसता काळोख आला.
कुत्रं भुंकलं, ते बहुधा आमच्यावरच.
डोक्यावर पोचता पोचता पृथ्वीच्या सावलीत शिरून
एकेक विझत गेला.

तांडेल बोट हलवत मोजत होते.
"एकवीस," म्हणाले. "तू तेवीस सांगलंस."
म्हटलं, दोन अंधुक असतील,
नाहीतर बिघडले, खाली येऊन जळाले. होतं असं.
"तेंका नावां?"
"नंबर."
"नंबर होडयेकव आसता."

कारखान्यात आलो, सात लाद्या काढल्या,
शेऱ्यात लिहिलं: दिसले.
किती ते लिहिलं नाही.
साडेनऊला कोंडा टाकायला कवाड उघडलं तर
तांडेल अजून धक्क्याच्या टोकाला,
विझलेली विडी बोटांत,
बाकीच्या सगळ्या होड्या लागून गेल्यावरही
माणसं बसतात तसे.