खरं

आमच्याकडं ‘पण’ म्हणत नाहीत, ‘खरं’ म्हणतात.
जेवलो खरं पोट भरलं नाही.
आलता खरं बसला नाही.
बेळगावच्या कोर्टाबाहेर, त्याच एका पत्र्याखाली
एकवीस वर्षं मी हे ‘खरं’
कधी इंग्रजीत, कधी कन्नडात उतरवत आलो.
टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला,
शब्द कुठं अडला नाही.

भरमाणी मुचंडीकर, वय चौतीस.
आधी उद्यमबागेत, फाउंड्रीत मोल्डर,
मग समुद्रापलीकडं
एका बंदरातल्या गोदामाचा राखणदार.
तांब्याच्या तारेची अकरा भेंडोळी गेली एका रात्रीत.
जबाब त्यानं आईशी बोलावं तसा दिला:
किल्ली माझ्याकडं होती खरं कुलूप मी काढलं नाही.

दुभाषा दुसऱ्या कुठल्यातरी मराठीचा.
‘खरं’वर थांबून त्यानं श्वास घेतला.
किल्ली माझ्याकडे होती, हे खरं.
उरलेलं वाक्य आलं तोवर
लिहिणाऱ्यानं पान उलटलं होतं.

नऊ वर्षं.

यल्लूबाई कुद्रेमनीहून मंगळवारी येते,
पिशवीत रताळी, रताळ्यांखाली निकालाची प्रत.
मी तिच्यासाठी रद्दीतून पुस्तक आणून ठेवलेलं,
आंतरराष्ट्रीय कायदा, पहिली चाळीस पानं नसलेलं.
वाचून सांगितलं:
परक्या मुलखात नागरिकाला न्याय नाकारला
तर ती इजा राज्यालाच झाली असं धरतात,
आणि राज्य मग स्वतःच्या हक्कानं बोलतं.

‘कुठलं राज्य?’ तिनं विचारलं.

मी म्हटलं, इथं राज्य म्हणजे देश.
ती ‘हां’ म्हणाली. त्या ‘हां’मध्ये
उताऱ्यापासून रेशनकार्डापर्यंत
न वाचता अंगठा केलेले सगळे कागद होते.
मग नखानं रताळ्याची माती खरवडत म्हणाली,
‘इजा त्यास्नी झालीया, तर झोप मलाच का येत न्हाय?’

आणखी एक नियम होता, तोही सांगावा लागला.
आधी तिथल्या सगळ्या पायऱ्या चढायच्या.
अपील, त्याच्यावरचं अपील. तोवर इथलं कुणी दार वाजवत नाही.
‘आणि वरच्या कोर्टातबी त्योच दुभाषा बसला असला तर?’
पायऱ्या नुसत्या नावाच्या असतील तर चढू नयेत,
असंही वाक्य आहे पुस्तकात.
त्या नावाच्या आहेत हे तुरुंगातून दाखवायचं कसं, ते नाही.

‘वकिलातीत वकील नसतोय व्हय?’

मी वकिलातीला तीन पानं लिहिली.
विषय: एका उभयान्वयी अव्ययाबाबत.
लिहून झाल्यावर माझं मलाच हसू आलं,
आणि नंतर आलं नाही.
पुरावा काय जोडायचा?
आजीचं बोलणं? बाजारातली घासाघीस?
पलीकडच्या टेबलावरच्या ईरय्या हिरेमठनं मान वर केली.
सीमेच्या मोर्च्यांच्या दिवसांत आम्ही दोघं
पाठीला पाठ लावून टाइप केलेलं आहे.
म्हणाला, आमच्या कन्नडातही ‘खरे’ असंच येतं,
अर्धं वाक्य पुढं ठेवून.
साक्षीदार म्हणून माझी सही घे.
त्यानं कन्नडात केली, ठसठशीत,
तारखेसकट.

सात मंगळवार गेले. रताळ्यांचा हंगाम सरला,
ती हात रिकामे घेऊन आली.
उत्तर दोन ओळींचं आलेलं:
पत्र मिळाले. योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवले आहे.

‘काय म्हणत्यात?’
बाकावर ती नीट बसली, पदर सारखा केला.
मी म्हटलं, ‘पत्र पोचलंय खरं’

आणि थांबलो.
ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.
आमच्याकडं ‘खरं’ म्हटलं की
पुढं काहीतरी यायचं असतं.